सायकलवरून पायरी उतरण्याचं मानसशास्त्र

आमच्या घरात सायकल आली ती नवऱ्याचं पोट कमी करायला. जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली, गिअरची. नवरा तिच्यावर बसून एकदाच सुप्यापर्यंत गेला आणि परत येताना टेम्पोत बसून आला. त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळू लागले. एका रविवारी टॉवेल काढताना मला काय झालं कोण जाणे, ओढणी कमरेला बांधली, सायकल ढकलत घरामागच्या टेकडीवर नेली आणि वरून खाली सोडली. खाली येईपर्यंत मी इतकी ओरडले की सासूबाई तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आल्या. त्यांना वाटलं बिबट्या आला.

तेव्हापासून मला उताराचं वेड लागलं. चढ मला आवडत नाही, सपाटीवर कंटाळा येतो. सायकल चालवणं तब्येतीला चांगलं असतं वगैरे मी ऐकूनही घेत नाही. मला फक्त उतार पाहिजे.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर यंत्रांत बसणाऱ्या लोखंडी कड्या, म्हणजे बुश, हातात घ्यायचे आणि त्यांच्यात खोट काढायची, हे माझं काम. सासूबाई म्हणतात, ते तुला घरीही चांगलं जमतं.

तर आमच्या टेकडीवर नगरची काही हौशी सायकलवाली मंडळी दरवर्षी उताराची शर्यत घेतात. एकेकानं वरून सुटायचं, घड्याळ लावायचं, लवकरात लवकर खाली यायचं. सगळी वाट मुरमाची आणि धोंड्यांची. मध्यावर मात्र एक पायरी आहे. कुणी केलेली नाही, काळ्या खडकाचीच आहे, माझ्या गुडघ्याच्या वर येते आणि पूर्ण वाट आडवी कापते. पट्टीचे सायकलवाले तिच्यावरून हवेत जातात आणि खाली टेकतात. गेल्या वर्षी मी पहिल्यांदा भाग घेतला. पायरीपर्यंत झकास आले. पायरी दिसली. दोन्ही ब्रेक करकचून दाबले, खाली उतरले, खडकावर बसले, सायकल लेकरासारखी मांडीवर घेतली आणि बूड घासत खाली आले.

हे सगळं मुकाट्यानं झालं असतं तर ठीक होतं. पण शर्यतीला माईकवर बोलायला गावानं बैलगाडा शर्यतीतला निवेदक आणला होता. त्या माणसाला गप्प बसायची सवय नाही. "आन् सूनबाई आल्याऽऽ! सूनबाई थांबल्याऽऽ! आरं आरं, सूनबाई बसल्याऽऽ!" हे भोंग्यातून पार खालच्या वस्तीपर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी व्हिडिओ काढला. तो गावाच्या ग्रुपवर आला, कंपनीच्या ग्रुपवर आला, आणि माझ्या माहेरी देवळाली प्रवऱ्याला माझ्याआधी पोचला.

लोक हसले त्याचं मला काही नाही. मीही हसले. पण घरी येऊन आंघोळ करताना रडू फुटलं, आणि ते का फुटलं हे मला नीट माहीत होतं. मी सगळीकडे अशीच ऐन वेळी उतरते. कंपनीत वरच्या जागेसाठी मुलाखत होती, तेव्हा साहेबांच्या दारापर्यंत गेले आणि पोट दुखतंय सांगून परत फिरले. चारचाकी शिकले, पण हायवे आला की नवऱ्याला म्हणते, आता तुम्ही घ्या. मला शर्यतीत नंबर नको होता. मला ती एक पायरी सायकलवर बसून पार करायची होती, बाकी काही नाही. तेवढं एक झालं की बाकीचं होईल, असं मी मनाशी धरून बसले होते.

इथे माझी नणंद आली. ती माझ्याहून धाकटी आहे, तरी रीत म्हणून मी तिला ताई म्हणते. ती पुण्याला क्रीडा मानसशास्त्र शिकते. तिला अभ्यासासाठी एक खेळाडू हवा होता, ज्याच्या मनावर काम करून खेळ सुधारायचा. तिच्या मैत्रिणींना धावपटू मिळाले, कबड्डीवाल्या मिळाल्या. हिला मी मिळाले.

तिनं पहिल्याच दिवशी फोनवर विचारलं, "वहिनी, पायरी जवळ येते तेव्हा तुमच्या मनात नेमकं काय वाक्य येतं?"

"देवा, आता मेले."

"बरं. त्याच्या जागी काहीतरी सकारात्मक वाक्य ठेवू या."

"देवा, आता जगले?"

ती म्हणाली की वाक्य लांब नको, एकच शब्द पुरे, पण तो आतून यायला हवा. मी 'शांत' म्हणून पाहिलं, तर मला वर्गात बोलल्याबद्दल खाल्लेली पट्टी आठवली. 'धीर' म्हणून पाहिलं, तर कुणाच्या तरी दहाव्याला गेल्यासारखं वाटलं. शेवटी एक दिवस टेकडीवर आपोआप तोंडातून निघालं, "हाण!" ताईला कळवलं. ती म्हणाली, शास्त्रात बसत नाही, पण आतून आलंय, राहू द्या.

दुसरा धडा नजरेचा. सायकल नजर जाते तिकडे जाते, म्हणून पायरीकडे बघायचंच नाही, पायरीच्या पलीकडच्या बाभळीकडे बघायचं. तिसरा धडा सगळ्यात मोठा. रोज डोळे मिटून मनातल्या मनात सगळी वाट उतरायची, एकेक धोंड्यासकट. मनाला खरं आणि कल्पनेतलं फारसं वेगळं वाटत नाही म्हणे. धोंडे लक्षात राहावेत म्हणून त्यांना नावं द्या, असंही तिनंच सांगितलं. मी नातेवाइकांची दिली. वळणावर वाटेत अर्धा बाहेर आलेला धोंडा म्हणजे मोठ्या आत्या, त्यांना उजवीकडून मान देऊन जायचं. बरोबर मध्ये बसलेला आणि कुणासाठीही न हलणारा तो जावई. बाजूचा सैल, कधी पायाखालून निसटेल याचा भरवसा नसलेला तो साडू. असं करत करत अख्खं लग्नघर मी टेकडीवर वसवलं. पायरीला मात्र नाव दिलं नाही. पायरी ती पायरी.

घरी डोळे मिटून बसायला वेळ कुठला? मी कंपनीच्या बसमध्ये सुरू केलं. खिडकीशी बसायचं, डोळे मिटायचे, हात हँडलवर धरल्यासारखे पुढे घ्यायचे आणि सुटायचं. जावयाला डावी, मी डावीकडे झुकायची. मोठ्या आत्यांना उजवी, मी उजवीकडे. श्वास नाकानं आत, तोंडानं 'हूंऽऽ' करून बाहेर, हेही ताईनंच सांगितलं होतं. आणि पायरी आली की "हाण!"

काही दिवसांनी एकदा बसमध्ये डोळे उघडले तर माझ्या कपाळावर कुंकू होतं. पुढच्या सीटवरच्या पॅकिंग विभागातल्या बाई मागे वळून हात जोडून बसल्या होत्या. "लेकाच्या लग्नाचं तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "लई स्थळं बघितली, जमंना." मी म्हटलं, अहो बाई, माझ्या अंगात वगैरे काही येत नाही, मी सायकल चालवतेय. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "व्हय, व्हय. भार उतरल्यावर आसंच म्हनत्यात." त्यांच्या लेकाचं पुढच्याच आठवड्यात मिरजगावकडच्या मुलीशी जमलं. मग मला बसमध्ये कायमची खिडकी मिळाली आणि शुक्रवारी नारळही मिळू लागला. ताईनं हे सगळं तिच्या अभ्यासात लिहिलं की नाही मला माहीत नाही. मी तरी लिहिलं नसतं.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला पाहिजे. मी त्यांना मामा म्हणते. मामांनी जन्मभर शर्यतीचे बैल सांभाळले. आता गुडघे साथ देत नाहीत, दावणीला बैल नाहीत, पण सवय आहे. सून शर्यतीला तयारी करतेय म्हटल्यावर त्यांनी मला ताब्यात घेतलं. सकाळी दुधात अंडं. दुपारच्या डब्यात उडदाचे लाडू. संध्याकाळी सासूबाईंना हुकूम की हिच्या पोटऱ्यांना तेल लावा. मी अंगणातून गेले की ते बाजेवरून बघत आणि सासूबाईंना सांगत, "चाल सुधारली तिची." माझ्याशी थेट बोलायचा त्यांना संकोच, पण लक्ष सगळं होतं. मी धुणी वाळत घालताना पुटपुटायची, "पायरी आली, घाबरायचं नाही, पायरी आली, ब्रेक नाही." मामा ते ऐकत आणि पान चघळत विचारात पडत. ते काय विचार करत होते हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शर्यत रविवारी होती. शनिवारी मला कामावर जावं लागलं, घरी आले ती जेवून झोपलेच. रविवारी सकाळी ताईला घेऊन वाट बघायला टेकडीवर गेले. सुटायच्या जागेवरून खाली पाहिलं आणि मला आधी वाटलं, आम्ही चुकून दुसऱ्याच टेकडीवर आलो.

वाट झाडून काढली होती.

एक धोंडा शिल्लक नव्हता. खड्डे मुरूम टाकून बुजवलेले. वर टँकरचं पाणी मारलेलं, रोलर फिरवलेला. कडेनं फक्की मारून पांढऱ्या रेघा ओढलेल्या. बैलगाड्यांच्या शर्यतीला आदल्या दिवशी सगळं गाव मिळून घाट, म्हणजे गाडे पळवायची वाट, तयार करतं, दगड वेचतं, पाणी मारतं. बैलाच्या खुराला खडा लागता कामा नये. बाहेरची माणसं येणार म्हटल्यावर गावाच्या अब्रूचा प्रश्न असतो. मामांनी आपल्या जुन्या शर्यतवाल्या दोस्तांना गोळा करून शनिवारभर हेच केलं होतं. सायकलच्या या शर्यतीला धोंडे मुद्दाम ठेवलेले असतात, हे त्यांना कोण सांगणार?

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, घाबरू नका. जे हातात नाही ते सोडून द्यायचं. आपण चित्र नव्यानं तयार करू. जावई?"

"जावई गेला."

"मोठ्या आत्या?"

"आत्याही गेल्या."

"साडू तरी?"

"कुणीच राहिलं नाही गं!"

मागून चहाची किटली घेऊन येणाऱ्या सासूबाई जागीच थांबल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांना समजावण्यात आणखी वेळ गेला.

पण खरा घाव पुढे होता. पायरीपाशी गेलो, तर पायरी नव्हती. वेचलेले सगळे धोंडे तिच्या पायथ्याशी नीट रचून, त्यावर मुरूम टाकून, चोपून, छान घसरगुंडीसारखा उतार केला होता. शेजारी मामा उभे होते, अंगावर धुवट धोतर, खांद्यावर फावडं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे थेट पाहिलं.

"सूनबाई, आता तुजा पाय टेकायचा न्हाई," ते म्हणाले. "लई नडत हुती न्हवं ती पायरी? घातली बुजवून."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. रोजचं ते डोळे मिटून बसणं, बसमधलं ते कुंकू, ती कच्ची अंडी, सगळं कशासाठी? मला ओरडायचं होतं, मामा, हे काय करून ठेवलंत? पण त्यांच्या तळहातांना फोड आले होते, मी पाहिले. मागे त्यांचे दोस्त ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशाला आल्यासारखा आनंद. मी म्हटलं, "छान झालंय, मामा." आणि वर निघून आले.

नगरचे आयोजक मात्र हबकले होते. त्यांचा म्होरक्या "अहो पण हा ट्रॅक..." एवढं म्हणाला, तोवर गावकऱ्यांनी त्याच्या डोक्यावर फेटा बांधला आणि हातात नारळ दिला. फेटा बांधलेल्या माणसाला भांडता येत नाही. त्यानं जाहीर केलं की वाट सगळ्यांना सारखीच आहे, शर्यत होईल.

बायकांच्या गटात आम्ही तिघी होतो आणि सुरुवात माझ्यापासून होती. मी सायकलवर बसले. ताईनं खांद्यावर हात ठेवला, "श्वास घ्या." मी घेतला. खालून भोंगा सुरू झाला, "आन् आपल्या गावच्या सूनबाई तयार हायत! गेल्या साली बसल्या हुत्या, औंदा बसनार का?"

मी ठरवलं होतं की गुमान त्या उतारावरून जायचं. म्हाताऱ्याचं मन मोडायचं नाही, टाळ्या घ्यायच्या, घरी जायचं. पुढच्या वर्षी बघू. हे 'पुढच्या वर्षी बघू' माझ्या चांगलं ओळखीचं होतं. साहेबांच्या दारातून परत फिरले तेव्हाही मी असंच काहीतरी ठरवलं होतं. शिट्टी झाली आणि मी सुटले.

जावयाच्या जागी सवयीनं डावीकडे झुकले, तिथं जावई नव्हता आणि ओला मुरूम होता, मागचं चाक भलतीकडेच निघालं. कशीबशी सावरले. मोठ्या आत्यांना उगाचच उजवीकडून मान दिला. वाट इतकी गुळगुळीत होती की वेग माझ्या हिशेबापेक्षा फार जास्त झाला, आणि पुढे पायरीची जागा आली. मधोमध तो तयार केलेला उतार. पण त्यांना अख्खी पायरी भरायला धोंडे पुरले नव्हते. डाव्या कडेला, फक्कीच्या रेघेच्या आतच, हातभर पायरी उघडी राहिली होती. काळी, सरळ, तशीच.

उतारावर मामा आणि त्यांची फौज दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवायला उभी होती. मी बाभळीकडे पाहिलं. भीती वाटायची ती वाटलीच, मानसशास्त्रानं तिला काही फरक पडला नाही. ब्रेकवरची बोटं मात्र उचलली गेली. मी हँडल डावीकडे घेतलं, "हाण!" म्हणून इतक्या जोरात ओरडले की भोंगा क्षणभर बंद पडला, आणि पायरी माझ्या खालून निघून गेली.

दोन्ही चाकं जमिनीवर टेकली. मी सीटवर होते. हे मी शपथेवर सांगते, मी सीटवर होते. त्यानंतर लगेच टँकरच्या पाण्यानं झालेल्या चिखलात पुढचं चाक रुतलं आणि मी हँडलवरून पुढे जाऊन तोंडावर पडले, पण ते पायरीनंतर.

"सूनबाई... सूनबाई..." निवेदकाला पुढे शब्द सुचेना. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असेल.

मी उठून तोंडातला मुरूम थुंकला आणि हसायला लागले. हसता हसता रडायलाही लागले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि हे नवऱ्यालाही माहीत आहे. उरलेली वाट मी चिखलानं भरलेल्या सायकलवर, चेन खडखडत पार केली. तिघींत माझा नंबर तिसरा आला.

खाली पोचले तर मामा गुडघ्यांवर हात ठेवून, लंगडत लंगडत माझ्या मागून उतरले होते. टोपी हातात. "लागलं का?"

"नाही, मामा."

त्यांनी दम घेतला. मग हळू आवाजात विचारलं, "आमी एवढी चांगली वाट करून दिली, आन् तू तिकडनं का गेलीस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मला खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मामा, मला नुसतं खाली यायचं नव्हतं. मला ती पायरी पार करायची होती."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, मग एकेक करून गेल्या. "मला वाटलं, तुला भ्या वाटतंय."

"वाटतंच होतं."

"आन् आता?"

"आताही वाटतंय."

मामांनी टोपी डोक्यावर घातली. ते परत वर निघाले, पायरीपर्यंत गेले, फावडं उचललं आणि आपणच चोपून चोपून केलेला उतार उकरायला लागले. दोस्तांनी आरडाओरडा केला. तोवर बाकीच्या दोघींची पाळी झाली होती, पुरुषांची व्हायची होती, फेटेवाला म्होरक्या शिट्टी वाजवत पळत आला. मामांनी कुणाचं ऐकलं नाही. थोड्या वेळानं दोस्तही एकेक करून हात लावायला लागले. पायरी वर आली, आडवी, पूर्ण, होती तशी.

मी सायकल ढकलत त्यांच्या मागोमाग आले होते. मग त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, जा वर. आता मधनं ये. मी हितं खाली हुभा ऱ्हातो."

"मामा, परत पडले तर?"

"पडलीस तर पडलीस," ते म्हणाले आणि फावडं लांब भिरकावलं. "मी एक बी दगूड उचलनार न्हाई."

मी सायकलचं हँडल धरलं आणि वर निघाले.